गिरणीशेजारचं भूकंपमापक : एका गावातल्या आवाजांचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगतो, गावाचं नाव देत नाही, तालुक्याचं देत नाही आणि मी तेव्हा ज्या संस्थेत प्रोजेक्टवर होतो तिचंही देत नाही. मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. जमिनीखालचं बघणाऱ्या राष्ट्रीय संस्था देशात बोटावर मोजण्याइतक्या आहेत, त्यातलीच एक समजा. माझं पद प्रोजेक्ट असिस्टंट, म्हणजे बॅटऱ्या उचलायच्या, खड्डे खणून घ्यायचे, मेमरी कार्डं बदलायची आणि रात्री लॉजवर बसून रेकॉर्ड बघायचं. निर्णय वरचे घेतात. पण या प्रकरणात एक निर्णय माझा होता आणि तो निर्णय आहे हेच मला तेव्हा कळलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधीचं थोडं

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरात गावाखालून आवाज यायला लागले. पेपरवाल्यांच्या भाषेत ‘भूगर्भातून गूढ आवाज’. लांब कुठंतरी सुरुंग उडावा तसा धडाम आवाज, पाठोपाठ पत्रे थरथरायचे, मांडणीवरची भांडी वाजायची आणि दोन सेकंदांत सगळं शांत. सुरुवातीला आठवड्यात एखादा, दिवाळीनंतर रोजचे तीन-चार. तलाठ्याने तहसीलला कळवलं, तहसीलने जिल्ह्याला, जिल्ह्याने आमच्या संस्थेला पत्र पाठवलं आणि पत्र फिरून आमची गाडी गावात पोचेपर्यंत डिसेंबर उजाडला.

यात गूढ तसं काही नाही. मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे, लाव्हाचे थरावर थर, कडक आणि जागोजाग भेगाळलेला. भूकंप अगदी उथळ असला, म्हणजे एक-दोन किलोमीटर खोलीचा, तर त्याच्या लाटा कडक दगडातून फारशा न दमता वर येतात आणि जमिनीचा पृष्ठभाग ढोलाच्या कातड्यासारखा हवेला धक्का देतो, तोच आवाज. हलणं कमी आणि आवाजच जास्त. मोठा भूकंप लांब झाला तर उलटं, आवाज नाही पण पंखा झुलतो. पावसाळ्यानंतरच का, तर पाणी भेगांतून झिरपत खाली जातं, आधीच ताणात असलेल्या भेगेत पाण्याचा दाब वाढतो आणि तिच्या दोन बाजू किंचित सरकतात. किंचित म्हणजे कधीकधी मिलिमीटरभरसुद्धा नाही.

हे सगळं बरोबर आहे आणि गावाला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. गावाच्या डोक्यात एकच शब्द होता, किल्लारी.

आणि तो उगाच नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, विसर्जन आटपून लोक झोपलेले, ६.२ चा धक्का बसला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. (हा ‘झोन एक’ नावाचा पट्टाच पुढं २००२ मध्ये नकाशातून काढून टाकला, जणू आधीपासून नव्हताच.) आणि गावातल्या म्हाताऱ्यांना पक्कं आठवत होतं की आदल्या वर्षी, १९९२ लाही, तिथं असेच बारके धक्के बसले होते, लोक बाहेर झोपले होते, मग थांबलं आणि लोक परत आत गेले. या वाक्यापुढं आमचं सगळं पाणी-भेग-दाब शास्त्र लंगडं पडायचं.

आमच्या बाजूनंही माहिती होती. अशी धक्क्यांची माळ, म्हणजे एकामागून एक बारके धक्के आणि मोठा असा एकही नाही, दख्खनच्या पाषाणात अनेक ठिकाणी लागते आणि बहुतेक वेळा विरून जाते. पालघरकडं डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून हेच सुरू झालं आणि लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. कोयनेची गोष्ट वेगळी, तिथं १९६२ च्या सुमाराला धरण भरायला लागल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा झाला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. म्हणजे ‘बहुतेक वेळा विरतं’ हे खरं आणि ‘कधीकधी विरत नाही’ हेही खरं. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आम्ही पाच महिने काढले.

अडचण १ : मशीन कुठं ठेवायचं

भूकंप नेमका कुठं झाला हे काढायला निदान तीन-चार ठिकाणी भूकंपमापकं लागतात आणि खोली नीट काढायची तर त्यातलं एक अगदी डोक्यावर पाहिजे. तीन केंद्रं आसपासच्या गावांत बसली, त्यात काही सांगण्यासारखं नाही. चौथं, मधलं, या गावात.

पर्याय तीन होते. गावापासून दीड किलोमीटरवर एका शेतात पाषाण उघडा पडलेला होता, आमच्या दृष्टीनं सोनं, थेट दगडावर सेन्सर बसवायचा आणि आसपास चिटपाखरू नाही. पण सोलर पॅनेल आणि बॅटरी उघड्यावर, राखण कोण करणार? याआधी एका ठिकाणी आमची बॅटरी चोरीला गेली होती, पॅनेलसुद्धा नाही, फक्त बॅटरी, आणि तिचा पंचनामा, तक्रार, ऑडिटचे खुलासे यात चार महिने गेले होते. दुसरा पर्याय देवळाच्या मागची खोली, तिथं सप्ताह सुरू होणार होता, ते बाद. तिसरा, जिल्हा परिषद शाळेची अडगळीची खोली. पक्की फरशी, दाराला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडं, मुख्याध्यापक सहकार्य करणारे. शाळेपासून साठ पावलांवर पिठाची गिरणी होती.

गिरणी आम्ही पाहिली होती, हे मुद्दाम सांगतो. आमच्या सरांनी (टीमप्रमुख, शास्त्रज्ञ, तीस वर्षं फील्डवर काढलेला माणूस) विचारलंही, ही कितीवेळ चालते? सरपंचबाईंचे मालक म्हणाले, “कुठं हो, सकाळी तासभर.” आम्ही मान डोलावली कारण आम्हाला शाळाच हवी होती. आत फरशी फोडली, दोन फूट खड्डा घेतला, तळाशी सिमेंटचा छोटा ओटा घातला, उत्तरेची रेघ मारली, सेन्सर ठेवला, बुडबुडा मध्यात आणला, वरून थर्माकोलची पेटी पालथी घातली आणि जीपीएसचा अँटेना पत्र्यावर बांधला. संध्याकाळी मामांनी चहा आणला आणि विचारलं, “साहेब, ह्यानं पाणी कुठं लागंल ते बी कळतं का?” हे प्रत्येक गावात विचारतात. तुम्ही जमिनीतलं काहीही बघायला जा, गावाला बोअरचा पॉइंट पाहिजे असतो आणि खरं सांगायचं तर मागणी रास्तच असते.

पहिल्या पंधरवड्याचं रेकॉर्ड उघडलं आणि डोक्याला हात लावला. एका बारीक रेषेच्या जागी जाड काळा पट्टा. स्पेक्ट्रम (सेकंदाला किती वेळा हलतंय याची फोड) काढला तर २४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २४ वेळा, सरळसोट खांब उभा. इंडक्शन मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, ६० ने भागा, २४. गिरणी. आणि ती तासभर नाही, लाईट असेल तेवढा वेळ चालत होती, कारण आसपासच्या चार वाड्यांचं दळण तिथंच यायचं आणि सुगीनंतर तर रांगच. लाईट गेली की पट्टा एकदम गळून पडायचा आणि रेषा स्वच्छ, इतकी की लांबच्या रस्त्यावरून गेलेला ट्रॅक्टर ओळखू यावा. गावाचं लोडशेडिंगचं वेळापत्रक महावितरणपेक्षा आमच्याकडं जास्त अचूक होतं.

आता २४ हर्ट्झ गाळून टाकता येतं ना? येतं. फिल्टर लावा आणि वरचं कापा. पण अगदी जवळच्या, बारक्या, उथळ धक्क्यांचा जीव त्या वरच्या फ्रिक्वेन्सीतच असतो, ते कापलं तर लाटेची पहिली सुरुवात बोथट होते. भूकंपाची आधी येते ती प्राथमिक लाट, मागून येते ती दुय्यम, दोघींमधला वेळ मोजायचा आणि सेकंदांना साधारण आठने गुणलं की किलोमीटर. आमच्याकडं हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता, म्हणजे चार किलोमीटर, तिथं सुरुवात वाचताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी पाऊण किलोमीटर इकडचं तिकडं. खोली ठरवायची म्हणूनच तर हे केंद्र इथं बसवलं होतं.

मग केंद्र हलवायचं की फिल्टरवर भागवायचं? सरांचं मत हलवू. ऑफिसचं मत, आत्ताच तर बसवलंय, खर्च कशात टाकायचा. ठरलं की महिनाभर फिल्टरवर चालवू आणि रात्रीचाच डेटा वापरू. आणि तो महिनाच नेमका सगळ्यात जास्त धक्क्यांचा निघाला.

अडचण २ : कोण बोलणार

आम्हाला स्पष्ट सूचना होती की गावात, पत्रकारांशी, कुणाशीही धोक्याबद्दल बोलायचं नाही, जे काय ते मुख्यालय बोलेल. सूचना मूर्खपणाची नव्हती. फील्डवरचं पोरगं काहीतरी बोलतं आणि दुसऱ्या दिवशी ‘शास्त्रज्ञांचा इशारा’ छापून येतं, हे सगळ्यांनी बघितलंय. सर तर एकदा जेवताना इटलीतल्या लाक्विलाचं सांगत होते. तिथंही बारक्या धक्क्यांची माळ लागली होती, लोकांना धीर दिला गेला आणि ६ एप्रिल २००९ ला मोठा भूकंप होऊन तीनशेवर माणसं गेली, २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली, शास्त्रज्ञ पुढं २०१४ ला अपिलात सुटले. “काही होणार नाही म्हटलं तरी मेलो आणि होईल म्हटलं तरी मेलो,” सर म्हणाले आणि भाकरी मोडली.

म्हणून आम्ही गप्प. येतो, कार्ड बदलतो, जातो. गाडीवर भारत सरकार लिहिलेलं, शाळेच्या खोलीला कुलूप, आत लाल दिवा लुकलुकणारी पेटी आणि कुणी काही सांगत नाही. गावानं मग आपापलं उत्तर काढलं. एका आजींनी तोंडावरच विचारलं, “मशीन आणल्यापून आवाज वाढलेत की रे बाबा, तुमी खाली काय करायलाव?” दोघा-तिघांचं ठाम मत होतं की आम्ही खाली काहीतरी सोडतोय. काहींचं की खाली तेल सापडलंय आणि जमिनी जाणार आहेत. मी हसून ‘तसं काही नाही आजी’ म्हणालो आणि गाडीत बसलो. आवाज वाढले होते हे तर खरंच होतं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी सातच्या सुमाराला शिपाईमामांचा व्हॉट्सॅप आला. फॉरवर्ड केलेला मेसेज, वर आमच्या संस्थेचं नाव, खाली ‘आज रात्री २ ते ४ दरम्यान ७ रिश्टरचा भूकंप, कृपया घरात झोपू नये, सर्व ग्रुपवर पाठवा’. त्याखाली मामांनी टाईप केलं होतं, साहेब खरय का.

मी ते वाचलं. दोन निळ्या टिका मामांना दिसल्या असणार. मला माहीत होतं की हे धादांत खोटं आहे, तास-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगात कुणालाच करता येत नाही. आणि मला हेही माहीत होतं की बोलायचं नाही. सरांना फोन लावला, ते हैदराबादच्या गाडीत, रेंज नाही. म्हटलं सकाळी बघू. फोन सायलेंटवर टाकला आणि झोपलो.

सकाळी एकोणीस मिस्ड कॉल. अख्खं गाव रात्रभर कापूस वेचून झालेल्या रानात बसलं होतं, लेकरं गोधड्यांत गुंडाळून, शेकोट्या पेटवून. मामांनी नंतर सांगितलं की मेसेज वाचून साहेब गप बसले म्हणजे खरं असणार असं गावात ठरलं. माझं न बोलणं हाच दुजोरा धरला गेला. दम्याचे एक आजोबा पहाटे गारठून इतके बेजार झाले की ग्रामीण रुग्णालयात न्यावं लागलं, चार दिवस ऑक्सिजनवर होते, वाचले. त्या रात्री, रेकॉर्ड सांगतं, एकही धक्का बसला नव्हता. गिरणीही बंद होती, रेषा इतकी स्वच्छ मी त्या आधी किंवा नंतर पाहिली नाही.

मग काय पर्याय होते

दुसऱ्या दिवशी सर परत आले आणि आम्ही लॉजच्या खोलीत बसलो. एक, मुख्यालयाकडून प्रेस नोट, ती यायला आठवडा आणि ती छापून येणार पान सातवर. दोन, तहसीलदारांकडून अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाईचा इशारा, तो निघालाच, त्याने फक्त मेसेज कुणी पाठवला यावर गावात भांडणं लागली. तीन, ग्रामसभा. सरांनी मुख्यालयाला फोन करून परवानगी मागितली, दोन दिवस हो-नाही चाललं, शेवटी ‘धोक्याविषयी भाष्य न करता उपकरणाची माहिती द्यावी’ अशी परवानगी आली. सर म्हणाले ठीकाय, उपकरणाची माहिती देऊ, आणि लोकांनी धोक्याचं विचारलं तर मी बहिरा नाही.

ग्रामसभेची दुपार

शाळेच्या व्हरांड्यात सेन्सर बाहेर काढून ठेवला, लॅपटॉपला जोडला आणि भिंतीवर प्रोजेक्टर. आधी सगळे लांबच उभे. सरांनी एका चौथीतल्या पोराला बोलावलं आणि उडी मार म्हणाले. पोरानं मारली, भिंतीवर रेषा उसळली. मग रांगच लागली, म्हाताऱ्यांनीसुद्धा काठ्या आपटून बघितल्या. सर म्हणाले हे फक्त ऐकतं, डॉक्टरच्या नळीसारखं, नळी लावली म्हणून ताप येतो का? मग त्यांनी गिरणीवाल्यांना सांगितलं, जरा चालू करा. तिकडून घरघर सुरू झाली आणि भिंतीवरची रेषा बघता बघता दोरखंडाएवढी जाड झाली. सगळं गाव खो खो हसायला लागलं आणि गिरणीवाले आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखे ओशाळून उभे. पुढं मागच्या रांगेतूनच सूचना आली की मग मशीन पाषाणावर ठेवा की, राखण आम्ही करतो. राखण आम्ही करतो, हे कुणाला विचारावं असं डिसेंबरात आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग खरा प्रश्न आला. एक सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पांढरा पटका, उठून म्हणाले, “किल्लारीत बी आदल्या साली असंच हलत होतं. आमचं पावणं गेलं तिथं. आता तुमी सांगा, हितं व्हणार का न्हाई?”

सर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही काका. बहुतेक ठिकाणी असं येतं आणि जातं, किल्लारीला गेलं नाही. आधी ओळखायची युक्ती माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही.” कुणीतरी मागून विचारलं, मग तुमचा काय उपयोग? त्यावर हशा झाला पण प्रश्न बरोबर होता. एकानं विचारलं की कोयनेला तीन किलोमीटर खोल बोअर मारलाय म्हणे, इथं का नाही. सरांनी सांगितलं की गोठण्याचा तो बोअर खरा आहे, २०१७ ला पूर्ण झाला, किल्लारीलाही भूकंपानंतर सहाशे मीटरच्या वर बोअर घेतला होता, तिथं साधारण ३३८ मीटर काळा पाषाण निघाला आणि त्याखाली जुना खडक. बोअरने खालचं दगडपाणी कळतं, तारीख नाही कळत. आणि मग ते जे बोलले ते परवानगीच्या कागदात कुठंच बसत नव्हतं.

ते म्हणाले, तुमची माळवदं दाखवा.

माळवद म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, घर म्हणून उत्तम. पण दरसाल पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. आम्ही सभेतून उठून एका घरावर चढलो, सळई खुपसली, मातीचा थर गुडघ्याएवढा. एवढं वजन झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. भिंतीसुद्धा दोन पदरी, आत एक बाहेर एक आणि मधे गोटे-माती भरलेली, दोन्ही पदर शिवणारा आरपार दगड नाही, त्यामुळं हलली की दोन्ही बाजूंना फुटते. किल्लारीत माणसं या भिंतींनी आणि या मातीनं मारली. सर म्हणाले भूकंप माझ्या हातात नाही पण ही माती तुमच्या हातात आहे, पाच-सहा बोटांचा थर ठेवा आणि वर ताडपत्री टाका. झोपायची जागा भिंतीपासून लाकडी खांबांकडं सरकवा. पटकेवाले काका म्हणाले, “हे आधी का न्हाई सांगितलं?” आमच्याकडं उत्तर नव्हतं.

त्या दिवशी अजून एक गोष्ट सुरू झाली. शाळेतल्या गुरुजींनी एक वही केली, आवाज आला की मामांनी वेळ लिहायची, भांडी वाजली का, कुत्री भुंकली का, कुणाला काय वाटलं.

खडीच्या खाणीचं प्रकरण

वही रेकॉर्डशी ताडून बघताना लक्षात आलं की आवाजांचा एक गट दुपारी सव्वाच्या आसपासच येतो, रविवारी कधीच नाही. भूकंपाला रविवार कळत नाही. तीन किलोमीटरवर खडीची खाण होती, जेवणाच्या सुट्टीत सुरुंग उडवायचे. रेकॉर्डवरही फरक दिसतो, सुरुंगात जमीन सगळीकडं आधी वरच उचलली जाते कारण स्फोट चहूकडं ढकलतो, भूकंपात भेग सरकते म्हणून काही केंद्रांवर पहिली हालचाल वर तर काहींवर खाली. म्हणजे रोजच्या आवाजातला काही भाग भूकंप नव्हताच.

हे अहवालात लिहायचं का यावर बराच खल झाला. खाणवाले सरपंचांच्या घरातलेच निघाले. लिहिलं तर गावातली दोस्ती तुटणार, केंद्राची राखणही जाणार, शिवाय गाव म्हणणार सगळंच सुरुंगाचं होतं, उगाच घाबरवलं, आणि माळवदावरची माती तशीच राहणार. नाही लिहिलं तर अहवाल खोटा. सरांनी लिहिलं. सरपंचांचे मालक महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत, खाणीचा सुरुंग मात्र त्यानंतर वेळ आधी सांगून उडायला लागला.

शेवटी काय झालं

केंद्र फेब्रुवारीत पाषाणावर गेलं. बॅटरी चोरीला गेली नाही, शेतमालकाने स्वतःहून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रेकॉर्ड सुधारलं आणि खोल्या नीट निघाल्या, बहुतेक धक्के दोन किलोमीटरच्या आत, गावाच्या ईशान्येला एका छोट्या पट्ट्यात गोळा झालेले. सगळ्यात मोठा ३ च्या जरा वर, मार्चच्या सुरुवातीला, त्यात काही भिंतींना भेगा गेल्या आणि एका गोठ्याचा कोपरा ढासळला, बैल बाहेर बांधलेला होता. उन्हाळ्यात सगळं ओसरलं.

माळवदांपैकी थोड्यांनीच माती उतरवली. माती उतरवायला मजूर लागतात, ताडपत्रीला पैसे लागतात आणि हे काम नेमकं कोणत्या खात्याचं हे आजवर कळलेलं नाही. आमचं नाही कारण आम्ही संशोधन करतो, बांधकाम खात्याचं नाही कारण घरं खासगी, ग्रामपंचायतीकडं तसं लेखाशीर्ष नाही. अहवाल इंग्रजीत जिल्ह्याला गेला. गावाला त्याची प्रत गेली नाही. मी मराठीत दोन पानं लिहून मामांना पाठवली, ती अधिकृत नव्हती, शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवली होती म्हणतात.

परत करायचं झालं तर

गिरणीचं आधी बोलतो कारण ते सोपं आहे. जागा ठरवण्याआधी चोवीस तास, अगदी रिकाम्या खोलीत नुसता सेन्सर ठेवून आवाज मोजायचा, हे पुस्तकातलं पहिलं पान आहे आणि आम्ही ते गाळलं कारण अंधार पडायच्या आत तालुक्याला पोचायचं होतं. आणि गिरणी किती वेळ चालते हे गिरणीवाल्याला विचारायचं, सरपंचांच्या घरच्यांना नाही. चोरीच्या भीतीनं आम्ही शाळा निवडली आणि सगळ्यात मोलाच्या महिन्याचा दिवसाचा डेटा घालवला, त्याची किंमत बॅटरीहून जास्त होती, फक्त तिचा पंचनामा होत नाही.

ग्रामसभा पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, यावर आता सगळे एकमत आहेत, तेव्हा नव्हते. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ग्रामसभा झाली असती तरी तो मेसेज आला असता आणि मामांनी मलाच विचारलं असतं. धोक्यावर भाष्य करू नका ही सूचना पाळूनही मला उत्तर देता आलं असतं, ‘हा मेसेज आमच्या संस्थेचा नाही’, बस्स. यात भाष्य नाही, भाकीत नाही. सूचनेच्या आड मी लपलो कारण झोप आली होती आणि उद्या कुणी विचारलं तर मी काही बोललोच नव्हतो असं सांगता आलं असतं. मी नंतर सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की सूचनेतच एक ओळ असायला हवी होती, अफवा आली तर फील्डवरच्या माणसाने ती लगेच नाकारावी. ती ओळ पुढच्या कॅम्पपासून छापील कागदावर आली.

सुरुंगाचं लिहिलं ते बरोबरच केलं, पण क्रम चुकला. आधी खाणवाल्यांना बसवून रेकॉर्ड दाखवायला पाहिजे होतं, अहवालातून त्यांना कळणं बरं नव्हे.

माझं कंत्राट त्याच साली संपलं, आता मी दुसरीकडं आहे. पुढच्या वर्षी नवरात्राच्या आसपास मामांचा फोन आला. “साहेब, आवाज परत चालू झालेत. धाच आलेत आतापर्यंत, वहीत लिवलेत.” मी विचारलं किती वाजता. त्यांनी वाचून दाखवले, पहाटेचा एक, रात्रीचे सहा, आणि मग जरा हसून म्हणाले, “तीन सव्वा एकचे हायेत, ते सोडून द्या.”